सप्तपर्णीचं विरजण

सप्तपर्णी सोसायटीची वार्षिक सभा त्या वर्षी भांडणाशिवाय पार पडली, तेव्हाच खरं तर कुणीतरी डॉक्टरला बोलवायला हवं होतं.

नाशकात पाथर्डी फाट्याच्या पुढे ही सात मजली इमारत उभी आहे. तिथे सभा म्हटली की विषय ठरलेले: पार्किंग, लिफ्ट, आणि देवधरांच्या बाथरूममधून खालच्या पवारांच्या देवघरावर बारमाही होणारा जलाभिषेक. एका वर्षी सेक्रेटरी खैरनारांनी भर सभेत राजीनामा फेकला होता आणि चहा आल्यावर परत उचलून घेतला होता. त्या वर्षी मात्र खैरनारांनी विषय वाचला, "मंजूर?" असं विचारलं, आणि सगळे हात वर गेले. एकदम गेले आणि एकाच उंचीवर थांबले. देवधरांनी आपणहून गळतीबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पवार म्हणाले, "अहो, पाणीच ते. खालीच येणार."

चौथ्या मजल्यावरच्या ज्योत्स्ना आगाशेचा हात तेवढा मांडीवर होता. तिचा विरोध नव्हता. तिला अजून विषयच कळायचा होता. सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. जेवताना दाताखाली खडा आला की माणूस क्षणभर चावायचा थांबतो, तसे ते थांबले होते. शेजारी तिचा नवरा श्रीरंग बसला होता. तोही तसाच थांबला होता.

मग अख्ख्या सभेला तहान लागली. पिशव्यांमधून, पर्समधून, खुर्च्यांखालून बाटल्या निघाल्या आणि हॉलभर नुसता घोट घेतल्याचा आवाज झाला. बाटल्या खाली गेल्या, तोंडं पुसली गेली, पुढचा विषय मंजूर झाला.

"हे काय होतं?" घरी आल्यावर ज्योत्स्नानं विचारलं.

"कुठे काय?"

"पाणी."

"तहान लागली म्हणून प्यायलो," श्रीरंग म्हणाला. "त्यालाही तुझी परवानगी लागते का?" हे शेवटचं वाक्य तो एरवी म्हणाला असता. त्या दिवशी ते तिनंच त्याच्या वतीनं मनात म्हणून घेतलं. तो कपडे बदलून झोपायला गेला.

या सगळ्याचं मूळ तळमजल्यावर होतं. दोन वर्षांपूर्वी शहरात घरोघरचा ओला कचरा उचलणं बंद झालं आणि प्रत्येक इमारतीनं आपली सोय आपण करावी असं ठरलं. सप्तपर्णीनं एक यंत्र आणलं. कपाटाएवढं, पांढरं, मंद घुरघुरणारं. कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला जातं म्हणायचे. वरून भाज्यांच्या साली टाकायच्या. दुधी, बटाटा, गाजर, मटाराची टरफलं, काहीही. खालून बदामी रंगाचं पीठ यायचं. हे सालपीठ कणकेत मिसळायचं.

ते काय करतं हे समजावून सांगायला तिसऱ्या मजल्यावरच्या डॉ. मुळगुंद होत्या. अन्नशास्त्र शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे श्रोते पळून जाऊ शकत नाहीत अशा ठिकाणी बोलायची त्यांना सवय होती. क्लबहाउसमध्ये त्यांनी पेलाभर पाण्यात दोन चमचे पीठ ढवळलं, थोडं थांबल्या, आणि तो पेला खैरनारांच्या डोक्यावर उलटा धरला. थेंबही पडला नाही. पवारकाकूंना जरा वाईट वाटलं.

"हा तंतू," डॉ. मुळगुंद म्हणाल्या. "सालीचा जो चिवट भाग आपण फेकतो, तो. आपल्याला पचत नाही, आणि हाच त्याचा गुण. आतून तो स्पंजासारखा पोकळ असतो. आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो, फुगतो, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. तेल धरतो. जेवणातली साखर धरून ठेवतो आणि रक्तात हळूहळू सोडतो. नुसती साल दळली तर हे सगळं थोडंच होतं, कारण तंतू घट्ट विणलेले असतात. म्हणून यंत्रात जिवाणूंचं मिश्रण घालतात. ते साली आंबवतात, वीण सैल करतात. मग आतल्या सगळ्या खोल्या रिकाम्या होतात."

"आणि पोटात गेल्यावर?" कुणीतरी विचारलं.

"शेवटपर्यंत न पचता जातो. आतड्याच्या टोकाला आपले अब्जावधी जिवाणू बसलेत पंगतीला. त्यांचं हे जेवण. ते खातात आणि काही आम्लं सोडतात. त्या आम्लांचा निरोप एका लांब मज्जातंतूवरून थेट मेंदूला जातो: पोट भरलंय, सगळं ठीक आहे, शांत बस."

हे सगळं खरं होतं. श्रीरंगची साखर, जी डॉक्टरांचं ऐकत नव्हती, औषधाचं ऐकत नव्हती आणि ज्योत्स्नाचं तर मुळीच ऐकत नव्हती, ती सालपिठाचं ऐकू लागली.

चूक झाली ती पुढे, आणि ती चूक महाराष्ट्राबाहेर झाली असती की नाही याची शंका आहे. कंपनीचं म्हणणं होतं की प्रत्येक घाण्याला जिवाणूंचं नवीन पाकीट फोडा, आधीचं सगळं धुऊन काढा, आणि तयार पीठ खरपूस भाजा म्हणजे त्यातलं काही जिवंत राहणार नाही. यावर पवारकाकूंनी सभेत उभं राहून विचारलं, "दर वेळी नवं पाकीट? दही लावायला दर वेळी विकतचं दही आणता का हो तुम्ही?"

आदल्या घाण्यातला वाडगाभर काला बाजूला काढून पुढच्याला लावायचा, असा ठराव झाला. डॉ. मुळगुंदांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. पण त्यांच्या स्वतःच्या घरचं दही धारवाडहून, सासूबाईंच्या भांड्यातून आलेलं, ते आजतागायत चाललेलं. त्या कोणत्या तोंडानं बोलणार? शिवाय पीठ कमी भाजलं तर भाकरी मऊ होते, असाही शोध लागला. मग कमी भाजू लागले.

ज्योत्स्नाचं या सगळ्याशी भांडण नव्हतं, फक्त संबंध नव्हता. ती मूळची फैजपूरची. तिच्या माहेरी दोडक्याच्या शिरा फेकणं म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय अशी समजूत. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालीची चटणी, भोपळ्याच्या सालीची चटणी. तीळ, लसूण आणि लाल मिरची घालून खलबत्त्यात कुटलेली. तिच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात चहाची पत्ती सोडली तर काही नसे, आणि ती पत्ती गुलाबाला जाई. ज्यानं साली दिल्या त्याला पीठ, असा सोसायटीचा नियम. आगाशेंना पीठ मिळत नव्हतं. म्हणून श्रीरंग रोज सकाळी क्लबहाउसमध्ये सामूहिक न्याहारीला जाऊ लागला, आणि तिथे सगळ्यांबरोबर सालपिठाची थालीपीठं खाऊ लागला.

आता आगाशेंच्या संसाराबद्दल सांगायला हवं. श्रीरंग गुहागरकडचा. त्याच्या आमटीत गूळ लागे. ज्योत्स्नाच्या आमटीत गूळ म्हणजे तिला आजारी माणसाचं अन्न वाटे. इंजिनिअरिंग कॉलेजात प्रेम जमलं तेव्हा जेवणाचा विषय निघाला नव्हता. लग्नानंतर पहिल्या आमटीला निघाला, तो मिटला नाही. तो पहिला घास घ्यायचा, वाटी जरा दूर सरकवायचा आणि छताकडे पाहून म्हणायचा, "काय गुन्हा होता माझा?" ती म्हणायची, "गुहागरात जन्मलास हाच." मग गूळ यायचा, तो किती यावर पुन्हा वाद व्हायचा, आणि शेवटी दोघं एकमेकांच्या वाटीतलं चाखून दुसऱ्याला कशी चव कळत नाही हे सिद्ध करायची. मुलगी लग्न होऊन गेली, घर शांत झालं, पण हे चालू राहिलं. याला प्रेम म्हणतात असं दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं आमटीत मूठभर मिरची जास्त घातली.

श्रीरंग जेवला. वाटी संपवली.

"कशी झालीय?"

"छान."

"तिखट नाही?"

"असेल." तो हसला. परक्या घरी पाहुणा हसतो तेवढंच.

मग तिनं एक दिवस मीठ घातलं नाही. एक दिवस इतका गूळ घातला की डाळ पाकात पोहत होती. "छान." एक दिवस तिनं आमटी केलीच नाही, वाटीत कोमट पाणी हळद घालून ठेवलं. तो शांतपणे प्यायला. ती समोर बसून पाहत होती.

"श्रीरंग, माझ्याशी भांड."

"कशावरून?"

"कशावरूनही. माझ्या भावावरून भांड. आवडता विषय आहे तुझा."

त्यानं खरंच विचार केल्यासारखं केलं. "तुझ्या भावात काही वाईट नाही," तो म्हणाला. आणि बोलता बोलता त्यानं मान जराशी वळवली. ज्योत्स्नाच्या लक्षात आलं, तिच्या तोंडचा लसणाचा वास त्याला नको झाला होता.

त्यानंतर तिला गोष्टी दिसू लागल्या. दुपारी चारला लिफ्ट भरून लोक खाली जात, कुणी कुणाला हाक न मारता. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये एकाच वेळी जांभया येत. पवारांचा नातू रडायला लागला की बाकीच्या मजल्यांवरची बाळंसुद्धा रडत, आणि थांबला की थांबत. भाजीवाल्याकडे एकदा ती उभी असताना सप्तपर्णीतल्या सहा बायका आल्या. सगळ्यांनी कोहळा घेतला. भाव कुणीच केला नाही. भाजीवाला घाबरून स्वतःच भाव उतरवू लागला.

तिनं श्रीरंगला फैजपूरला नेलं. भाच्याचा वाढदिवस होता. नसता तरी तिनं शोधला असता. भाऊ युवराज वायकोळे स्टँडवर घ्यायला आला, ओसरीत पाट मांडले, समोर वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. श्रीरंगनं दोन घास खाल्ले आणि हात थांबवला.

"दाजी, लाजताय का काय? अजून घ्या."

"नको. भूक नाही."

दुसऱ्या दिवशी पोट धरून बसला. चेहरा पांढरा पडला. साखर वर गेली. गावातल्या डॉक्टरनं तपासून विचारलं, घरी काय खाता. जे खाता तेच द्या म्हणाला, आतडी दुसरं काही घ्यायलाच तयार नाहीत. दुपारी चारला श्रीरंग अचानक उठून उभा राहिला. अंगणात कुणी नव्हतं. त्यानं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्यायला.

"आता सगळे खाली आले असतील," तो म्हणाला.

"कोण सगळे?"

"ज्योत्स्ना, परत जाऊ या. आम्हाला इथे बरं वाटत नाहीये."

"आम्हाला!" युवराज हसला. "अरे वा, दाजींले संस्थान मिळालं की काय?" पण बहिणीकडे पाहिल्यावर त्याचं हसू जिरलं. तिला आत स्वयंपाकघरात नेऊन त्यानं हळूच विचारलं, "यांले झालं काय व?"

"माहीत नाही रे," ती म्हणाली. "पण माझ्याशेजारी झोपतात तेव्हा वाटतं, एसटीत शेजारची सीट दिलीय कुणालातरी."

संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं परतली. सप्तपर्णीच्या फाटकातून आत शिरताच श्रीरंगच्या गालांवर रंग आला. लिफ्टपाशी खैरनार उभे होते, हातात थालीपिठाचं ताट घेऊन. त्यांना कुणी फोन केला नव्हता.

सकाळ होताच ज्योत्स्ना डॉ. मुळगुंदांच्या दारात उभी राहिली. दार उघडंच होतं.

"या. मला वाटलंच," मुळगुंद म्हणाल्या. टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि त्यावर धूळ होती.

"त्या पिठात काय आहे?"

"तंतू," मुळगुंद म्हणाल्या. मग खुर्चीत बसल्या, आणि जुन्या सवयीनं त्यांचा आवाज वर्गातला झाला. "तंतूच्या रिकाम्या खोल्यांत पाणी राहतं, तेल राहतं, साखर राहते. हे तीन गुण आम्ही मोजले. चौथा मोजला नाही. त्यात बिऱ्हाडंही राहतात. जिवाणू त्या खोल्यांत दडून बसले की जठराचं आम्ल त्यांना काही करू शकत नाही. ते सुखरूप आतड्यापर्यंत पोचतात आणि तिथे घर करतात."

"पण जिवाणू कंपनीचेच ना?"

"पहिल्या पाकिटातले. नंतर आपण विरजण धरलं." त्यांनी बोटं टेबलावर पसरली. "साल सोलताना हात लागतो. विळी लागते, पाट लागतो, पोराचा उष्टा हात लागतो. दोन वर्षं या इमारतीतल्या प्रत्येक स्वयंपाकघराचं काही ना काही त्या भांड्यात पडत आलंय, मुरत आलंय. आता ती एक वस्ती आहे. ती रोज सगळ्यांच्या पोटात जाते. सगळ्यांच्या पोटातून मेंदूला निरोप जातो, तो एकच. भूक एक, झोप एक. राग येण्याआधी पोटात जे ढवळतं, तेही एक. म्हणजे येतच नाही."

"आणि तुम्हाला हे ठाऊक आहे."

"आहे."

"मग थांबवत का नाही?"

मुळगुंद खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "थांबवून बघितलं मी स्वतःवर. फैजपुरात तुमच्या मिस्टरांचं झालं तसंच माझं झालं. आणि खरं सांगू? बरं वाटतं, वहिनी. एकटी राहते मी. आता जेवताना एकटी नसते. फक्त एक आहे. माझ्या आईचं सारू. मिरी घातलेलं पातळ सार. मला ते पातेलं आठवतं, पळी आठवते, पदराला पुसलेला हात आठवतो. चव आठवायला गेले की पवारकाकूंची आमटी येते तोंडात."

खाली जातं घुरघुरत होतं.

"श्रीरंग मला परकी का समजतो?" ज्योत्स्नानं विचारलं. तिला एवढ्याच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. बाकीचं शास्त्र शास्त्राला.

"त्या भांड्यात सगळ्यांचा हात आहे. तुमचा नाही. तुमच्या सालींची चटणी होते. तुमच्या मिस्टरांच्या आतल्या वस्तीनं तुम्हाला कधी चाखलेलंच नाही. तुमचं अन्न, तुमचा वास, त्यांना ओळखीचं नाही. ते मिस्टरांना सांगतात, हे आपल्यातलं नव्हे."

"मग उपाय?"

"पीठ खायला लागा. आठवड्याभरात तुम्हाला प्रश्नच पडणार नाही."

"नको. आमच्या घरात एकाला तरी प्रश्न पडायला हवा. दुसरा उपाय?"

"मग भांड्यात हात घाला," मुळगुंद म्हणाल्या.

ज्योत्स्नानं दोडके आणले. कोवळे नाही, जून, शिरा धारदार असलेले. हात न धुता सोलले. शिरा खलबत्त्यात घातल्या, लसणासकट कुटल्या, खल तसाच झाकून दिवसभर गॅलरीतल्या उन्हात ठेवला. तिच्या आजीचा खल तो. त्याच्या दगडात किती पिढ्यांचं तिखट मुरलंय ते त्यालाच ठाऊक. तिला स्वतःला ठाऊक होतं ते एवढंच, की नवऱ्याच्या पोटात कुणी राहायचंच असेल तर तिच्या ओळखीचं राहावं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती खल कडेवर घेऊन खाली उतरली. जिन्यात कुणी नव्हतं. अंगणात आली आणि मान वर केली, तर प्रत्येक गॅलरीत माणसं उभी होती. चौथ्या मजल्यावर श्रीरंगही उभा होता.

यंत्राच्या खोलीत खैरनार होते. ती काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती, तोवर त्यांनी विरजणाच्या भांड्यावरचं झाकण उचलून धरलं.

"विचारत नाही तुम्ही, मी कशाला आले ते?" तिनं विचारलं.

"या ना, वहिनी," खैरनार म्हणाले. "तुमचंच राहिलं होतं."

भांड्यातला काला राखाडी-हिरवा होता. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटत होता. सालींचा वास येईल असं तिला वाटलं होतं. पण वास माणसांचा होता, बंद खोलीत बरीच माणसं झोपून उठल्यावर येतो तसा. तिनं खल उपडा केला आणि हातानंच ढवळलं. काला कोमट लागला, ताप आलेल्या कपाळासारखा. ढवळता ढवळता तिला वाटलं की तो जरासा बोटांना धरतोय. पाणी धरण्याची क्षमता, ती मनात म्हणाली आणि हात ओढून घेतला.

वर सगळ्या गॅलऱ्यांमधून एक सुस्कारा आला.

पुढचे काही दिवस काहीच झालं नाही. श्रीरंग न्याहारीला जायचा, यायचा, छान म्हणायचा. मग एका दुपारी तिनं आमटी वाढली. तिच्या पद्धतीची, बिनगुळाची. त्यानं एक घास घेतला. वाटी दूर सरकवली. ज्योत्स्ना वाढायची थांबली.

"हे काय आहे?" श्रीरंग म्हणाला.

"आमटी."

"याला आमटी म्हणतात? फैजपुरात डाळीला शिक्षा देण्याची ही पद्धत असेल. आमच्याकडे तिला शिजवतात."

ज्योत्स्ना मटकन खाली बसली. पदर तोंडाला लावून हसली, मग रडली, मग परत हसली. "मेल्या," ती म्हणाली, "इतके दिवस कुठे होतास?"

"इथेच होतो की. जायला लिफ्ट चालू पाहिजे ना." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्या पाहण्यात तो होता. तिनं हात पुढे केला. त्यानं तो नाकाशी नेला, लसणाचा वास घेतला आणि म्हणाला, "गूळ आण जा. आणि तुझ्या भावाला सांग, भरीत करायला शीक म्हणावं."

त्या दुपारी ते दोघं फार छान भांडले. भावावरून भांडले, पंख्याच्या वेगावरून भांडले, मुलीचा स्वभाव कुणावर गेलाय यावरून भांडले.

संध्याकाळी बेल वाजली. खैरनार.

"वहिनी, दुपारच्या आमटीत फोडणी जरा करपली का हो?"

"तुम्ही कुठे खाल्लीत?"

"खाल्ली नाही," खैरनार म्हणाले. त्यांनाही ते विचित्र वाटलं असावं. पण ते दारातून हलले नाहीत. "पण करपली."

मग इंटरकॉम वाजला. देवधर होते. ज्योत्स्नाला कणीक जरा सैल मळायची सवय आहे, ती त्यांना खपत नाही, म्हणाले. नंतर पवारकाका. त्यांचा सूर गाल फुगवल्यासारखा होता. दोन दिवस झाले दोडका केला नाहीस, म्हणाले. तिला अहोजाहो करणारा माणूस तो. मागून पवारकाकूंचा आवाज आला, "तिला म्हणावं, मी रागावलेय."

ज्योत्स्नानं फोन ठेवला आणि आत येऊन श्रीरंगला सांगितलं. तो हसेल असं तिला वाटलं.

"बरोबरच आहे त्यांचं," श्रीरंग म्हणाला. "दोडका करायला हवा होतास."

सकाळी तो निळा सदरा घालून न्याहारीला खाली गेला. ज्योत्स्नानं दोडके सोलायला घेतले. तिला त्यात वावगं वाटलं नाही. नवरा रुसला तर त्याच्या आवडीचं करायचं, हे तिला तिच्याही नकळत येत होतं. जेवणाची वेळ झाली. कुकर उतरला. फोडणीत लसूण पडला आणि वास घरभर झाला.

वरच्या मजल्यांवर दारं उघडली. खालच्या मजल्यांवर दारं उघडली. चपलांचा आवाज नव्हता. सगळे अनवाणीच निघाले असावेत. ज्योत्स्नानं गॅस बंद केला आणि दारात आली.

जिना भरला होता. तिच्या उंबऱ्यापासून खाली वळणापर्यंत आणि वर वळणापलीकडे, पायरीपायरीवर माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात रिकामं ताट. डॉ. मुळगुंद होत्या, देवधर होते, पवारांचा नातू आजोबांच्या मांडीला धरून होता. कुणी पुढे रेटत नव्हतं. सगळे तिच्याकडे पाहत होते. ते पाहणं तिच्या ओळखीचं होतं. कालच दुपारी, इतक्या दिवसांनी, टेबलापलीकडून तिनं ते पाहिलं होतं आणि ती रडली होती. रुसलेलं, जिवाभावाचं, आयुष्यभराच्या सवयीचं ते पाहणं आता प्रत्येक चेहऱ्यावर होतं. पोरांच्याही.

ती त्या चेहऱ्यांमध्ये एक चेहरा शोधू लागली. तो इथेच असणार होता, निळ्या सदऱ्यातला. निळे सदरे बरेच होते. नजर एकाकडून दुसऱ्याकडे जात होती आणि प्रत्येक वेळी क्षणभर वाटत होतं, हाच.

"श्रीरंग?" तिनं हाक मारली.

"ओ," जिना म्हणाला.